पिंपातला वाळा

आमच्या लॉन्ड्रीत माणसं चार आणि नाक एकच. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, मशिनं सांभाळतात. आमचे हे इस्त्री करतात. मी कपडे घेते, त्यांना खुणेच्या चिठ्ठ्या टाचते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. माझ्या हातात सदा टाचण्या, आणि जिभेवरही त्याच, असं घरातल्यांचं मत असल्यामुळे माझं नाव टाचणी पडलंय. नाक मात्र वहिनींचं. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ, भाऊजींची बायको.

घडी घातलेला प्रत्येक गठ्ठा कागदात बांधायच्या आधी वहिनींच्या टेबलावरून जायचा. त्या अंगठ्याने घडी जराशी उचलायच्या, आत नाक घालायच्या आणि मग एकतर गठ्ठा थोपटायच्या किंवा परत सरकवायच्या. थोपटला तर मी बांधायचा. सरकवला तर तो पुन्हा मशीनमध्ये, आणि कारण विचारायचं नाही. हॉटेलच्या टेबलक्लॉथमध्ये राहिलेलं शिळं तेल, दातांच्या डॉक्टरांच्या कोटातला औषधाचा वास, सावलीत वाळलेल्या चादरीतली ओल, सगळं त्यांना कळायचं. एकदा तर त्यांनी माझ्याच नवऱ्याचा शर्ट मला परत केला होता, तोही गिऱ्हाइकासमोर. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांना ते कळलंही नाही, कारण त्या दोन दिवसांत काम खूप होतं.

मग एका थंडीत सगळ्या घराला ताप आला. कुणाला कमी, कुणाला जास्त, पण अंथरूण सगळ्यांनी धरलं. आम्ही तिघं बरे झालो. वहिनीही बऱ्या झाल्या, पण त्यांचं नाक काही बरं झालं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला पहिल्यांदा शंका आली ती दूध करपलं तेव्हा. घरभर करपट वास, पातेलं काळंठिक्कर, आणि वहिनी शेगडीकडे पाठ करून शांतपणे कांदा चिरतायत. मी ओरडले तशा वळल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, लक्षच नव्हतं." वहिनींचं लक्ष नाही हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दुकानात त्या टेबलावर बसतच होत्या. आलेला प्रत्येक गठ्ठा थोपटत होत्या. मी मनात म्हटलं, चला, आमचं काम सुधारलं. काम काही सुधारलं नव्हतं. एक दिवस गेस्टहाऊसवाल्या बाई चादरींचा अख्खा गठ्ठा घेऊन आल्या आणि त्यांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला. कुबट वास मलासुद्धा आला, म्हणजे बघा. बाई ओरडल्या असत्या तर मी तयार होते. पण त्या ओरडल्याच नाहीत. "तुमच्या वहिनी रजेवर होत्या का?" एवढंच त्यांनी विचारलं. वहिनी तिथेच बसल्या होत्या. त्या उठल्या, बटणांचा डबा उचलला आणि मागच्या दाराशी जाऊन बसल्या. तेव्हापासून टेबल माझ्याकडे आलं, आणि बटणं वहिनींकडे गेली.

नाकाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं. म्हणाले, वास नेणारी शीर दुखावलीय, सहा महिन्यांत भरून येईल, वर्षात येईल किंवा येणारही नाही. औषध असं काही नाही, व्यायाम करा. सकाळ-संध्याकाळ चार उग्र वासाच्या वस्तू हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. वहिनींनी लिंबाची साल, लवंग, कॉफी आणि निलगिरीचं तेल अशा चार बाटल्या केल्या आणि शाळेतल्या मुलीसारखा तो अभ्यास चालवला. मी विचारायचे, "काही?" त्या म्हणायच्या, "निलगिरी गार लागते." पुढे पुढे मी विचारणं सोडून दिलं.

मधल्या काळात माझ्या पुतणीला, म्हणजे वहिनींच्या लेकीला, जुळी झाली. ती दूरच्या शहरात राहते. तिचा रोज फोन. "आई, तुझं तिथे आता काय अडलंय? इकडे ये. मला दोन हात कमी पडतात." तिचं काही चूक नव्हतं. पण "तिथे आता काय अडलंय" हे वहिनींनी फोन ठेवल्यावर आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, आणि वर हसल्या.

त्याच रात्री जेवताना त्यांनी वाळ्याचा विषय काढला. वहिनींचं माहेर नदीकाठचं. तिथे काठाला वाळा आपोआप उगवायचा. उंच गवताचे ठोंब, कुणी लावलेले नाहीत, कुणाच्या मालकीचे नाहीत. त्यांची आई मुळ्या खणून आणायची, धुऊन वाळवून त्यांच्या जुड्या करायची आणि कपड्यांच्या प्रत्येक पेटीत एक टाकायची. "तो वास मला मेल्यावरही येईल," वहिनी म्हणाल्या. "लवंग-बिवंग राहू दे. मी वाळा लावते."

"बाजारात जुड्या मिळतात की," हे म्हणाले.

"त्या कुणाच्या गोदामात किती वर्षं पडलेल्या असतात कोण जाणे. वरून अत्तर मारतात मेले. मला घरचा पाहिजे. ओला, खणल्या खणल्या." मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "दीड वर्ष लागतं त्याला. तेवढं थांबते. खणू त्या दिवशी पहिला वास मी घेणार. आला, तर मी माझ्या टेबलावर. नाही आला, तर लेकीकडे जाते. बटणं काय, कुणीही लावेल."

"आणि भाऊजी?" मी विचारलं.

"त्यांना मशिनं आहेत."

भाऊजींचा घास हातातच राहिला. ते तसे दिवसाला मोजकंच बोलतात, त्यातलंही निम्मं मशीनशी. त्या रात्री ते पानावरून उठले. हात धुतले आणि मशीनच्या खोलीत जाऊन उगाच एक झाकण उघडून बंद केलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई रोपं विकते. तिच्याकडे वाळ्याचा मोठा ठोंब होता. तिने त्यातले पाच-सहा फुटवे मुळासकट काढून दिले, वरची पानं वीतभर ठेवून कापली आणि वहिनींना बजावलं. "वास पानाला नाही, जे काय आहे ते खाली. जागा वाळूची करा. जीव धरेपर्यंत पाणी द्या, मग नुसतं विसरून जा. याचे लाड केले की हा वर माजतो आणि खाली मुळीत काही राहत नाही."

जमिनीत लावला असता तर मुळ्या खणून काढताना निम्म्या तुटल्या असत्या. म्हणून साबणाच्या पावडरचं रिकामं निळं पिंप घेतलं, ते चारदा धुतलं, तळाला भोकं पाडली आणि वाळूत थोडी माती मिसळून भरलं. मागच्या अंगणात कपडे वाळवायच्या दोऱ्या जिथे संपतात तिथे भिंतीशी ते उभं केलं. वहिनी बटणांचा डबा घेऊन त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागल्या.

वाळा लागला. नुसता लागला नाही, फोफावला. सहा महिन्यांत वहिनींच्या खांद्याला आला. पानाला करवतीसारखी धार, दोऱ्यांवरचे कपडे काढताना माझी बोटं दोनदा कापली. आम्ही पानं छाटली, तर महिनाभरात पुन्हा पहिल्यापेक्षा दाट. रोपवाली एकदा तिचे एप्रन धुवायला घेऊन आली तेव्हा मुद्दाम मागे जाऊन बघून आली. "अहो, हा एवढा माजला कसा? खतबित घालता का काय?"

"छे गं. पाणीसुद्धा देत नाही मी," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी मशीनच्या खोलीच्या दारात उभे होते, ते आत गेले. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. भाऊजी नेहमीच आत जातात.

इकडे टेबलावर माझे हाल चालले होते. मला वास येतो, पण वहिनींसारखा नाही. मला वास आहे एवढं कळतं, कशाचा ते कळत नाही, आणि कळेपर्यंत गठ्ठा बांधून झालेला असतो. गेस्टहाऊसवाल्या बाई दर पंधरवड्याला काहीतरी परत आणायच्या. दातांच्या डॉक्टरांनी नवीन लॉन्ड्री बघितली. "तुझं नाक फक्त दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला चांगलं," हे म्हणाले. मी त्यांना हँगर फेकून मारला. तो लागला नाही, पण पुढे बरेच दिवस ते इस्त्री सोडून माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

खरं सांगायचं तर वहिनी जायला नको होत्या मला. लग्न होऊन आले तेव्हा मला साधी चादर घडी घालता येत नव्हती. चादरीचं दुसरं टोक वहिनींनी धरलं ते आजतागायत धरलेलं आहे. पण हे बोलायचं कसं? मी उलटंच बोलायचे. "जा की, नातवंडं खेळवा, इथे काय सोनं लागलंय?" आणि त्या म्हणायच्या, "जाणारच आहे." मग दोघी आपापल्या कामाला. त्यांनी एक बॅगही काढून ठेवली होती, त्यात बाळांसाठी विणलेले दोन स्वेटर आणि त्यांची स्वतःची शाल. बॅग पलंगाखाली होती. भाऊजी झाडू मारताना ती बाहेर ओढायचे आणि पुन्हा होती तिथे ठेवायचे.

दीड वर्ष झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं मागच्या अंगणात जमलो. ह्यांनी पिंपाची एक बाजू वरून खालपर्यंत कापली. थोडी वाळू खाली आली आणि बाकी सगळं तसंच उभं राहिलं. मुळ्यांनी पिंप गच्च भरलं होतं. पिवळट, केसांसारख्या बारीक, एकमेकींत अडकलेल्या. ह्यांनी विळ्याने एक झुबका कापला आणि माझ्या हातात दिला. मी तो नळाखाली धरला, वाळू काढली, आणि हाताला सवय लागलेली, काय करणार, सरळ नाकाला लावला.

गुलाबी.

हे सांगायला हवं. कपडे मऊ करायचं एक औषध असतं, रंगाने गुलाबी, वासाने फुलांच्या दुकानासारखं. आम्ही त्याला गुलाबीच म्हणतो. धुणं झाल्यावर अगदी शेवटच्या पाण्यात ते घालायचं, म्हणजे कपडा तो वास धरतो. त्या मुळ्यांना तोच वास येत होता. गेस्टहाऊसच्या चादरींचा. त्याच्या खाली थोडा चिखलाचा. वाळ्याचा म्हणाल तर नावालाही नाही.

मी झुबका ह्यांच्या नाकासमोर धरला. ह्यांनी हुंगला, माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. भाऊजी स्वतःच्या पायांकडे बघत होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मी काही बोलणार तोवर वहिनींनी हात पुढे केला. "पहिला मी घेणार होते ना गं?" म्हणाल्या, आणि झुबका माझ्या हातातून काढून घेतला.

त्यांनी तो ओंजळीत धरला आणि आत तोंड घातलं. बराच वेळ वर केलं नाही. मग मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आमच्याकडे एकेकाकडे बघितलं.

"आला," त्या म्हणाल्या. "वाळाच."

आम्ही तिघंही उभे. शेवटी मीच ओरडले, "वा वहिनी!" जरा जास्तच मोठ्याने. हे "अरे वा" म्हणाले आणि खोकायला लागले. भाऊजी आत गेले. वहिनींनी मुळ्या पदरात घेतल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उद्यापासून टेबल माझं. तू आपल्या टाचण्या सांभाळ."

मी तडक मशीनच्या खोलीत गेले. भाऊजी बंद मशीनला टेकून उभे होते.

"काय घातलंत त्यात?"

"शेवटचं पाणी," ते म्हणाले.

"कधी?"

"अधूनमधून. बादलीभर. ती आत असताना." मग एका दमात इतकं बोलले की मी तसं कधी ऐकलं नव्हतं. "शेवटच्या पाण्यात जे घालू ते कपड्याला लागतं. म्हटलं, मुळीलाही लागेल. वाळ्याचा वास आणि वर हा वास. दोन मिळून जरा जास्त येईल. तिला कळण्याइतका."

"भाऊजी, वाळा होता तो, टॉवेल नव्हता!"

"हो."

मला चिडायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून धड चिडताही येईना. तीस वर्षं माणसाने कपडे धुतलेत. वास कशातही शेवटच्या पाण्यातून येतो, याच्यापलीकडे त्यांना दुसरं माहीत असणार कसं? रोपवालीला विचारायचं सोडून ते गुपचूप बादल्या ओतत राहिले, आणि वाळा वर माजत राहिला.

"तिला सांगतो मी," ते म्हणाले.

"काय सांगणार? ज्या मुळीला वाळ्याचा वासच नाही, तिच्यातून तुला वाळ्याचा वास आला, असं?"

मग त्यांना उमगलं आणि ते मशीनसमोरच्या पाटावर बसले. "म्हणजे तिला वास येत नाहीय. ती तसंच म्हणाली."

"हो."

"तिला जायचं नाहीय," भाऊजी म्हणाले. जणू आत्ताच कुणी बातमी आणून दिली होती.

"आत्ता कळलं तुम्हाला?" मी म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर मला स्वतःलाच हुंदका आला. तोवर मलाही कुठे खात्रीने कळलं होतं?

मग आम्ही तिघांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे बोलून नव्हे, आमच्या घरात तसं कुणी बोलत नाही. वहिनी टेबलावर बसल्या, पूर्वीसारख्या अंगठ्याने घडी उचलायला लागल्या. त्यांनी थोपटलेला गठ्ठा माझ्याकडे आला की मी म्हणायचे, "दोरा संपला वाटतं," आणि गठ्ठा काखेत मारून मागे जायचे. तिथे तो नीट हुंगायचे आणि मग बांधायचे. माझं नाक सुमार, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ह्यांनी नाकावरून विनोद करणं बंद केलं. आणि भाऊजी रोज दुपारी स्वतः चहा करून वहिनींच्या टेबलावर आणून ठेवायला लागले. पाक म्हणावा इतका गोड. वहिनी निमूट प्यायच्या.

लेकीला त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "नाक आलं गं माझं. आता दुकान सोडून कशी येऊ? तूच बाळांना घेऊन ये." ते ऐकताना मला बरं वाटलं आणि रागही आला. पोरीशी खोटं बोलतायत, आणि मी त्या खोट्याला रोज दोऱ्याने बांधतेय.

त्या अधूनमधून गठ्ठे परत सरकवायच्याही. कधी टेबलक्लॉथ, कधी पडदा. मी मागे नेऊन बघायचे तर खरंच तेलकट किंवा दमट. पण त्याचं काय एवढं? त्यांची बोटं काही मेली नव्हती. ओल आणि चिकटपणा हाताला कळतोच. अंदाजाने ठोकतायत, मी म्हणायचे, आणि बरं ठोकतायत.

असे बरेच आठवडे गेले. एका दुपारी गेस्टहाऊसची ब्लँकेटं होती. जाड, अस्तराची. वहिनींनी एकाची घडी उचलली, नाक घातलं आणि ते परत सरकवलं. "हे नको."

मी हात लावून बघितला. कोरडं, मऊ. बाई संध्याकाळी न्यायला येणार होत्या. मी ते उचलून मागे गेले, चारही कोपरे हुंगले. काही नाही. पुढे आले आणि म्हटलं, "काही नाही हो वहिनी, मी हुंगून बघितलंय."

बोलून गेले आणि जीभ चावली.

"कधी हुंगलंस?" वहिनींनी विचारलं.

"आत्ताच. म्हणजे, सहज."

"मागे जाऊन? दोरा आणायला?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "टाचणे, इतका दोरा कुठल्या लॉन्ड्रीला लागत नाही."

वहिनींनी ब्लँकेट स्वतःकडे ओढलं, उलटसुलट केलं आणि अस्तर चाचपत गेल्या. एका शिवणीला दोन बोटं जातील एवढी उसवण होती. त्यांनी बोटं आत घातली आणि कसलातरी बोळा बाहेर काढला. लहान मुलाचा मोजा. मागच्या धुण्यात आत शिरलेला, तसाच दमट राहून हिरवा पडलेला. त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला. आता मलाही आला. मी तोंड फिरवलं.

"कोरड्या ब्लँकेटच्या पोटात होता," मी म्हणाले. "हाताला लागला नसता."

"नाहीच लागला."

"म्हणजे तुम्हाला वास येतो."

"मग मी इथे काय झोपा काढतेय?"

"मग त्या दिवशी..." मला सगळं एकदम विचारायचं होतं. "वहिनी, त्या मुळ्यांना वाळ्याचा वास नव्हता!"

"नव्हता," त्या म्हणाल्या. मोजा त्यांनी कागदात गुंडाळला आणि बाजूला ठेवला. "नाकाला लावल्या आणि गुलाबी आलं. भसकन. तापानंतरचा पहिला वास, अगं. मला आधी वाटलं माझ्याच हाताला असेल. मग कळलं, सगळं पिंपच तसं आहे. म्हटलं, हे कुणी केलं? आणि मान वर केली तर समोर तुझे भाऊजी. तोंड बघितलं होतंस का त्यांचं?"

"कान बघितले होते."

"मग? काय म्हणू मी? माझा वाळा बुडवलात म्हणू? तुझ्यासमोर, भावासमोर? वास आला होता ना मला. नाव तेवढं बदलून सांगितलं."

मी खाली बसले. मला हसायलाही येत होतं आणि भयंकर चीडही. "आणि मी इतके दिवस चोरासारखी गठ्ठे हुंगत फिरतेय ते? तुम्हाला माहीत होतं, तर सांगायचं नाही?"

"म्हटलं तुझंही नाक जरा सुधारेल," वहिनी म्हणाल्या. "थोडं सुधारलंय."

तेव्हा मात्र मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्याकडे एक धुतलेला नॅपकिन सरकवला, तोही आधी हुंगून.

"भाऊजींना वाटतंय तुम्ही खोटं बोललात," मी नाक पुसत म्हणाले. "त्यांना वाटतंय तुम्हाला काही वास येत नाही, आणि जायचं नाही म्हणून तुम्ही आल्यासारखं केलंत."

वहिनींचा हात गठ्ठ्यावर थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं. "आणि तरी गप्प राहिले?"

"रोज चहा करतात की."

समोर दुपारचा कप होता, तळाला साखर तशीच. त्यांनी तो बाजूला केला, उठल्या आणि मागच्या दाराकडे गेल्या. मीही मागोमाग गेले. अशा वेळी टेबलावर बसून राहणारी मी नव्हे.

जुन्या ठोंबातले फुटवे वहिनींनी नव्या पिंपात लावले होते. नवी वाळू, नवं पिंप. भाऊजी नळावर बादली भरून त्या पिंपाकडे निघाले होते. पाणी साधंच होतं, मी दटावल्यापासून ते साधंच घालत होते. अजून फुटव्यांनी जीव धरला नव्हता, त्यामुळे पाणी द्यावंच लागत होतं. वहिनी दारातच थांबल्या. दारापासून बादली चांगली लांब होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती बादली धुतलीत का? गुलाबीचा वास येतोय तिला."

भाऊजी थांबले. त्यांनी बादलीकडे बघितलं, वाकून आत हुंगलं. मग वहिनींकडे बघितलं.

"तिथे येतोय तुला?"

"येतोय. त्या दिवशीही येत होता."

भाऊजींनी बादली खाली ठेवली आणि कपडे आपटायच्या दगडावर बसले. ह्यांनी इस्त्री बंद करून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मी त्यांना हातानेच गप्प राहायला सांगितलं.

"मग बोलली का नाहीस?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही बोललात?"

ते उठले. पाणी मोरीत ओतलं, काथ्या घेतला आणि बादली आतून बाहेरून घासली. घासून वहिनींच्या पुढ्यात आणून धरली. वहिनींनी आत नाक घातलं आणि बादली परत सरकवली. ते पुन्हा नळावर गेले, पुन्हा घासून आले. वहिनींनी पुन्हा सरकवली. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि भाऊजींनी विचारलं नाही. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. वहिनींनी वाकून हुंगलं, जरा वेळ तशाच राहिल्या, आणि मग बादली थोपटली.